कर्झनसाहेबांचा किल्ला

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडच्या अंगणांत जे किल्ले उभे राहतात, त्यांची रीत ठरलेली असते. आधी दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेले गोणपाट, त्यावर चिखल, आणि कडेने अळीव पेरून उगवलेली हिरवळ. म्हणजे आधी डोंगर आणि मग किल्ला. डोंगरावाचून किल्ला ही कल्पनाच आपल्या मुलांच्या डोक्यात येत नाही. इंग्रज मुलाला किल्ला काढायला सांगा, तो डोंगराच्या वाटेलाच जाणार नाही. सपाट जमिनीवर चौकोन, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, वर दातेरी चर्या आणि भोवताली पाणी, की झाला त्याचा किल्ला! हे चित्र जसेच्या तसे दगडात पाहायचे असेल तर ससेक्स परगण्यात रॉदर नदीच्या काठी बोडियम नावाचे खेडे आहे, तेथे जावे.

लेकीकडे केंटमध्ये राहायला गेले होते तेव्हा मी तो पाहिला. टेंटर्डनहून वाफेच्या इंजिनाची एक हौशी रेल्वे थेट बोडियमपर्यंत जाते. स्टेशनावरून थोडे चालून गेले की कुरणाच्या टोकाला ती वास्तू एकदम समोर येते. साठ फूट उंचीचे बुरूज, मधला तट, आणि तट जेथे संपतो तेथूनच पाणी सुरू. पाण्यात कमळे. वारा पडला की दुसरा किल्ला खाली उलटा उभा राहतो. ‘इश्श, हा तर खोटाच वाटतो,’ असे माझ्या तोंडून निघून गेले. नात म्हणाली, “आजी, खोटा नाही, फक्त आत काही नाही.”

तिचे बरोबर होते. बाहेरून पाहावे तर गवंडी कालच पराती उलट्या करून घरी गेले असावेत, आणि दरवाजातून आत गेले की वर आभाळ! दिवाणखान्याचे छप्पर गेले आहे, माजघरे गेली आहेत, जिने अर्ध्यावर संपतात. भिंतीत उंच जागी एखादी शेकोटी दिसते. तिच्यापुढची जमीन केव्हाच नाहीशी झालेली. तिच्यापुढे पाय शेकत बसणाऱ्यांचा मजला पडला आणि ती तेवढी अधांतरी राहिली.

हा किल्ला बांधणाऱ्याचे नाव सर एडवर्ड डॅलिंग्रिज. फ्रान्सशी चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धात याने तलवार गाजवली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लूटही केली. बायको वारसदारीण मिळाली, तिच्याबरोबर बोडियमची जमीन आली. फ्रेंचांनी १३७७ साली राय बंदर जाळले, १३८० साली विंचेल्सी जाळले. दोन्ही गावे येथून जवळच. तेव्हा १३८५ च्या ऑक्टोबरात राजा दुसरा रिचर्ड याने डॅलिंग्रिजला चर्या बांधण्याची सनद दिली. विलायतेत त्या काळी घराला चर्या बांधायच्या म्हणजे राजाची परवानगी घेण्याचा प्रघात होता. चर्या हे मोठेपणाचे लक्षण; आपल्याकडे पालखीचा मान असे, त्यातलाच प्रकार. सनद होती जुना वाडा बळकट करण्याची. गृहस्थाने तो वाडा तसाच सोडून दिला आणि नव्या जागी हा किल्ला उठवला.

पण तो खरेच किल्ला आहे का? यावर पंडितांमध्ये बरीच वर्षे वाद चालू आहे, आणि मला तो वाद किल्ल्याइतकाच रंगतदार वाटतो. एक पक्ष म्हणतो, पाहा, महादरवाजाला तोफांसाठी भोके आहेत, ओकच्या लाकडाची लोखंड मढवलेली जाळी आहे, देवडीच्या छताला वरून मारा करायला छिद्रे आहेत. शिवाय पूर्वी पुलावरून येणाऱ्याला पाण्यातल्या अष्टकोनी बेटावर काटकोनात वळावे लागे, म्हणजे त्याची एक कूस बुरुजांसमोर उघडी पडे. दुसरा पक्ष हसतो. म्हणतो, खंदकाची खोली सरासरी पाच फूट; एका बाजूचा बांध रात्रीतून फोडला तर पाणी वाहून जाईल. बाहेरच्या खिडक्या एवढ्या मोठ्या की शत्रूला निमंत्रणच. १९९० साली भोवतालच्या जमिनीची बारकाईने मोजणी झाली तेव्हा उंचवटे, तळी, वाटा यांची अशी मांडणी दिसली की पाहुण्याने पाण्याकडेने फिरत फिरत, किल्ला निरनिराळ्या अंगांनी पाहत यावे. उत्तरेच्या टेकाडावर तर खास पाहण्यासाठी जागा केलेली! म्हणजे हा किल्ला लढण्यासाठी कमी आणि दिसण्यासाठी जास्त. मग २०१० पासून काही वर्षे दुसऱ्या अभ्यासकांनी तेथे काम केले. त्यांचे म्हणणे, हा किल्ला की वाडा हा प्रश्नच सोडा. येथे माणसे कशी राहत, कोण कोठे काम करी, कोणाला कोणत्या दारातून जाता येई, ते पाहा.

मला हा तिसरा पक्ष पटला. घर चालवलेल्या बाईला तोच पटायचा. मी त्या किल्ल्यात फिरत होते ती चूल, पाणी आणि मोरी शोधत. स्वयंपाकघरात समोरासमोर दोन अवाढव्य चुली आहेत, एकेका चुलीत चार माणसे उभी राहतील अशा. लगतच्या नैर्ऋत्येच्या बुरुजाच्या तळाशी विहीर, आणि त्याच बुरुजाच्या माथ्यावर कबुतरखाना. पाणी खाली, कबुतरे वर, चूल शेजारी. ज्याने ही सोय केली त्याला मुदपाकखान्याची अक्कल होती यात संशय नाही. धन्याची दालने निराळी, चाकरांची बैठक आणि त्यांचे स्वयंपाकघर निराळे. आणि शौचकूप? तटाच्या जाडीत बसवलेले तब्बल अठ्ठावीस! सगळ्यांचा निचरा थेट त्या कमळांच्या खंदकात. पाण्यातले ते उलटे प्रतिबिंब डॅलिंग्रिजच्या काळी एवढे मनोहर असावे असे मला वाटत नाही. रायगड-राजगडावर शौचकूप दाखवले की आपली मंडळी नाक मुरडतात. मी मात्र गड पाहताना ते आधी विचारते.

लढाई म्हणावी अशी या किल्ल्याने पाहिलीच नाही. १४८३ साली तिसऱ्या रिचर्डने वेढ्याचा हुकूम काढला, पण मोठा संग्राम झाल्याची नोंद नाही. सतराव्या शतकात इंग्रजांच्या यादवीत किल्ला राजपक्षाच्या धन्याला विकावा लागला आणि त्यानंतर आतला भाग मोडून टाकण्यात आला. मग वेली चढल्या, चित्रकार येऊ लागले. १८२९ साली दगडांसाठी तो पाडायचा घाट होता. जॉन फुलर नावाच्या एका विक्षिप्त जमीनदाराने तीन हजार पौंडांना घेऊन तो वाचवला.

आणि पुढे काही काळाने जो धनी आला त्याचे नाव वाचून मी पाटीसमोरच थबकले. लॉर्ड कर्झन!

आमच्या घरात हे नाव शिवीसारखे वापरीत. कोणी तोऱ्यात बोलू लागले की आजी म्हणायची, “आला मोठा कर्झन!” आजोबा १९०५ साली शाळकरी पोर. बंगालची फाळणी झाली आणि ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली, तेव्हा आपली नवी टोपी त्यांनी त्या होळीत टाकली, आणि घरी येऊन वडिलांच्या हातचा मारही खाल्ला. त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसमध्ये नामदार गोखल्यांसारख्या मोजून मापून बोलणाऱ्या माणसाने कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. मराठी माणसाला याहून अधिक काय सांगायचे?

पण त्याच कर्झनने १९०२ साली जॉन मार्शलला पुराणवस्तू खात्यावर आणले आणि १९०४ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. आपल्या गडांवर आणि लेण्यांवर जे निळे फलक दिसतात त्यांच्यावर १९५८ च्या कायद्याचे नाव असते, पण त्याचा पूर्वज हा. मौज अशी की विलायतेत परत गेल्यावर साहेबाला दिसले, आपल्या देशातला कायदा त्या मानाने लुळा आहे. लिंकनशायरमधल्या टॅटर्शल किल्ल्यातल्या कोरीव शेकोट्या उपटून परदेशी विकायला काढल्या होत्या. १९११ साली त्याने तो किल्ला विकत घेतला आणि शेकोट्या शोधून काढून पुन्हा जागच्या जागी बसवल्या. इंग्लंडचा १९१३ चा सुधारलेला कायदा झाला, त्यात त्याचा मोठा हात होता.

बोडियम त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात घेतला आणि १९१९ साली काम सुरू केले. खंदक उपसला, तीन फूट गाळ काढला. गाळाखाली जुन्या पुलांचे पाये सापडले. आतला मलबा काढून मूळची जमीन उघडी केली. ती विहीर तेव्हाच मिळाली. पडलेल्या भागाची नवी नक्कल उभी करायच्या मोहात तो पडला नाही, ही मला त्याची मोठी गोष्ट वाटते. दगड सांधले, झाडोरा काढला, आणि किल्ला लांबून अखंड दिसावा म्हणून आजूबाजूची कुंपणे काढून टाकली. ज्याने बंगालवर रेघ ओढली तोच हा माणूस! १९२५ च्या मार्चमध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्राने टॅटर्शल आणि बोडियम दोन्ही नॅशनल ट्रस्टला गेले.

जावईबापू म्हणाले, “म्हणजे आई, माणूस इतका वाईट नव्हता.”

मी म्हटले, “वास्तूंच्या बाबतीत नव्हता.”

ते हसले. मला मात्र हसू येईना. दगडाची इतकी कदर करणाऱ्याला माणसांचे म्हणणे ऐकू आले नाही, हे माझ्या डोक्यात तेथल्या हिरवळीवर बसून घोळत राहिले. आजोबा असते तर त्यांना ही हकीकत मी सांगितली असती का? सांगितली असती. १९०४ चा कायदाही सांगितला असता. आजोबांचे उत्तर मला ठाऊक आहे, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एवढेच विचारले असते, “आणि विहिरीला पाणी आहे का गं?”