सम सोडून

स्का वाजवणारे बँड फार जगत नाहीत. जमैकात किंग्स्टनचे स्कॅटलाइट्स म्हणजे या संगीताचं मूळ घराणं. ते १९६४ मध्ये एकत्र आले आणि १९६५ मध्ये विखुरले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’चं ‘घोस्ट टाउन’ १९८१च्या जुलैत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच वर्षी तिघांनी बँड सोडला. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या ऑपरेशन आयव्हीने स्काला पंकच्या वेगाला जुंपलं. १९८७ ते १९८९, जेमतेम दोन वर्षं. एकुलता एक अल्बम निघाला आणि बँड संपला. या मंडळींच्या तुलनेत पुण्यातला आमचा बँड बरा टिकला म्हणायचा, तोही कुणी ऐकत नसताना.

ऑपरेशन आयव्हीचा तो अल्बम, ‘एनर्जी’, माझ्या आतेभावाने सॅन होजेहून कोऱ्या सीडीवर कॉपी करून आणला होता. मी तेव्हा कॉलेजात. आमच्याकडे राज्य मेटलचं. हातात गिटार आली की पोरगा मेटॅलिकाच्या वाटेला जायचा. या सीडीवरची गिटार मात्र समेला हातच लावत नव्हती. मात्रा संपते न संपते तोच मधल्या फटीत, खालून वर, एक झटका. बस. वडील तबला शिकलेले. दारातून जाता जाता थांबले आणि म्हणाले, “हा सारखा उशिरा येतोय.” मग जरा ऐकून, “नाही, मुद्दाम येतोय.” स्काबद्दल पुढे मी पुष्कळ वाचलं, पण इतकं नेमकं कुणी लिहिलेलं आढळलं नाही.

फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या टीममधून उरलेल्या आम्ही काही जणांनी बँड काढला. गिटार, बेस, ड्रम्स सगळं जमलं. ऑपरेशन आयव्हीत ट्रम्पेट नव्हताच, पण आम्हाला स्पेशल्सही आवडत, त्यामुळे ट्रम्पेट हवाच होता. आता पुण्यात ट्रम्पेटची वाण नाही. प्रभात, दरबार ही ब्रास बँडची नावं विसर्जन मिरवणुकीत ऐकत आम्ही वाढलो. लक्ष्मी रोडवर ढोलांच्या आधी आमच्या कानांवर पितळ पडलं. पण कॉलेजात ट्रम्पेट वाजवणारा कुणी नाही. शेवटी एका बँडवाल्याच्या दुकानात गेलो. त्यांच्यातला एक जण तयार झाला. आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याला सगळे मास्टर म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

मास्टरला नोटेशनशी देणंघेणं नव्हतं. “गाणं ऐकवा, वाजवतो.” दोनदा ऐकायचा आणि वाजवायचा. अडचण एवढीच की वरातीत शंभर माणसांच्या वरून ऐकू जाण्यासाठी फुंकायची सवय. छोट्याशा जॅमपॅडमध्ये आमचे कान बधिर व्हायचे. शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी जुन्या हिंदी गाण्यातली एक हरकत ठेवून द्यायचा. आधी आम्ही त्याला सरळ वाजवायला सांगत होतो. मग सांगणं सोडलं, कारण आमच्यात ऐकण्याजोगं तेवढंच होतं.

‘घोस्ट टाउन’मधला ट्रॉम्बोन रिको रॉड्रिग्जचा, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. किंग्स्टनमध्ये गरीब मुलांसाठी नन्सनी चालवलेली अल्फा बॉइज स्कूल नावाची शाळा होती. तिथल्या बँडची शिस्त मोठी. स्कॅटलाइट्समधले अनेक वादक त्या शाळेचे, त्यांतला डॉन ड्रमंड रिकोचा गुरू. हा रिको पंचेचाळिशीत विशीतल्या पोरांबरोबर कॉव्हेंट्रीत वाजवत होता. वाचलं आणि मास्टर डोळ्यांपुढे आला.

आमचा बँड मोडला, पण आमच्यात भांडण झालं नाही. पबमधल्या कार्यक्रमाचं पबवाला अख्ख्या बँडला जे द्यायचा त्याचे सारखे वाटे होत. आमचा वाटा पेट्रोल आणि चहात जायचा. मास्टरला मात्र त्याच संध्याकाळी हातची वरात सोडावी लागे. तो महिनाभर आधी तारीख विचारायचा. आम्ही आदल्या रात्री ठरवायचो. एका मार्गशीर्षात त्याने रीतसर सांगितलं की आता जमणार नाही. मग ड्रमर एमएस करायला अमेरिकेला गेला, बेसवाल्याला बंगळूरला नोकरी लागली. ट्रम्पेट गेल्यावर तसंही आमचं गाणं म्हणजे नुसता उशीर राहिला होता.

दिल्लीत २००९ मध्ये स्का व्हेंजर्स हा बँड सुरू झाला. २०१०च्या डिसेंबरात पुण्यातच एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव भरायला लागला, आपली गाणी वाजवणाऱ्यांना मोठं स्टेज मिळालं. तोवर मास्टर सोडला तर आमच्यातला एकही जण पुण्यात वाजवत नव्हता. हळहळलो, खोटं कशाला बोला. मास्टरचा बँडही आक्रसला. स्पीकरच्या भिंती आल्या, ढोल-ताशा पथकं वाढली, वाजवणारे निम्म्यावर आले. पण मोडला नाही. लग्नं होत राहतात.

गेल्या वर्षी ड्रमर सुट्टीवर आला आणि एकदा परत वाजवू या म्हणून मागे लागला. स्कॅटलाइट्स नाही का १९८३ मध्ये पुन्हा एकत्र आले, हा त्याचा मुद्दा. मी मास्टरला फोन लावला. त्याला गाणी आठवत होती, नावं नव्हे, हरकतींसकट चाली. गुणगुणून दाखवल्या. मग म्हणाला, “तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्या घेऊन झाल्यात. त्याआधीची तारीख सांगा. आणि या वेळी निम्मे पैसे आधी.”