दोन बोर्ड आणि एक आठ पायांची चिप

व्हिजनफाइव्ह २ हा बोर्ड हातात आला तेव्हा मी फार आशा लावून बसलो होतो. त्याचा प्रोसेसर रिस्क-फाइव्हचा. प्रोसेसरला कोणते हुकूम कळावेत याची ही खुली यादी २०१० मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात आकाराला येऊ लागली. ती वापरायला परवाना-शुल्क पडत नाही. शुल्क नाही, म्हणजे माल स्वस्त, असं मी धरूनच चाललो होतो.

टेबलावर शेजारी रास्पबेरी पाय ४ होता. दोन्हींत चार कोअर, दोन्ही दीड गिगाहर्ट्‌झचे. एकच प्रोग्राम दोघांना कंपाइल करायला लावला. पायचं काम उरकलं. इकडे ओळी सरकतच होत्या. चहा झाला, तरी सरकत होत्या. किंमत म्हणावी, तर तीही पायपेक्षा कमी नव्हती. मन खट्टू झालं.

मग माहितीपत्रक उघडलं. यातला यू-७४ कोअर हुकूम आले त्याच क्रमाने पाळतो. मेमरीतून एखादा आकडा यायला उशीर झाला, की त्याची वाट पाहणारा हुकूम अडतो आणि त्याच्यामागे, त्या आकड्याशी काडीचा संबंध नसलेली रांगही अडते. पायमधला कॉर्टेक्स-ए७२ तेवढ्यात मागचे हुकूम पुढे घेतो. म्हणजे उणीव यादीत नव्हती, कोअरच्या बांधणीत होती. आणि यादी फुकट असली, तरी कोअर रचणं, तपासणं, सिलिकॉनवर उतरवणं फुकट होत नाही. नग कमी खपले, की तो भार प्रत्येक नगावर चढतो.

पुढे पाण्याच्या टाकीसाठी पातळी दाखवणारं यंत्र करायचं होतं. त्यासाठी सीएच३२व्ही००३ ही चिप घेतली. तीही रिस्क-फाइव्हचीच, पण आठ पायांची, नखाएवढी. घाऊक भाव दहा सेंटच्या घरात. प्रोग्रामला जागा १६ केबी, रॅम २ केबी. गुणाकाराचा हुकूमच नाही. गुणायचं झालं की कंपायलर बेरजा आणि सरकवण्या करणारा तुकडा जोडून देतो. दशांशांचं गणित जागा खाऊ लागलं, म्हणून मी सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर धरले आणि सगळं पूर्णांकात मांडलं. गुणाकार संथ होतो, पण टाकीतलं पाणी सेकंदात चढून चढून किती चढणार? यंत्र पावसाळाभर गच्चीवर चाललं. आता असंच दुसरं शेजारच्या इमारतीसाठी जोडतोय.