सॅक निवडताना : पाठीवरच्या ओझ्याचा एक धडा



आजचा लेख सॅकबद्दल आहे. डोंगरावर जाताना पाठीवर घेतो ती सॅक. तुम्ही म्हणाल, त्यात काय लिहायचं? बाजारात जायचं, आवडेल ती घ्यायची. मलाही असंच वाटत होतं. पण ही एक वस्तू निवडताना माझी जी चूक झाली, तिने मला माझ्या वर्गातल्या एका मुलीचं दप्तर नीट बघायला शिकवलं. म्हणून लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच शिक्षकांनी कळसूबाईला जायचं ठरवलं. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, उंची 1646 मीटर, तालुका अकोले. पायथ्याच्या बारी गावातून चढाई सुरू होते आणि अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत. म्हटलं, चांगली सॅक पाहिजे.

दुकानात गेले आणि साठ लिटरची भलीमोठी सॅक घेऊन आले. सॅकचं माप लिटरमध्ये सांगतात, म्हणजे आत किती जागा आहे ते. दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला, "याहून मोठी आहे का?" एवढे कप्पे, एवढे बंद! मोठी घेतली की कधीही उपयोगी पडते, असा आपला हिशोब.

सराव म्हणून एका रविवारी धारूरचा किल्ला चढायला गेलो. सॅकमध्ये जागा होती, म्हणून मी ती भरली. दोन चादरी, तीन ड्रेस, डबे, चार बाटल्या पाणी. अर्ध्या तासात खांदे बधिर झाले. सॅक मागे ओढायची, मी पुढे वाकायचे. किल्ला बघितलाच नाही, नुसती जमीन बघितली.

आमच्यातले एक सर जुने गिर्यारोहक. त्यांनी माझी सॅक हातात घेतली आणि हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यासाठी देते.

पहिलं, एका दिवसाच्या चढाईला वीस ते तीस लिटरची सॅक पुरते. जागा जास्त असली की माणूस ती भरतोच. दुसरं, सॅक आपल्या पाठीच्या मापाची हवी. मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी एक मणका हाताला लागतो. तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं. ते आपल्या पाठीचं माप. तिसरं, मुक्कामाच्या मोठ्या सॅकला कमरेचा पट्टा रुंद आणि गादीचा हवा. तो कमरेच्या हाडावर घट्ट बसला की बरंचसं वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं. माझ्या सॅकचा पट्टा म्हणजे नुसती नाडी होती. चौथं, जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध ठेवायची. ती बाहेरच्या कप्प्यात टाकली की सॅक आपल्याला मागे ओढते.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. गुलमर्गला पर्यटकांसाठी स्नोमोबाइल असते, बर्फावर पळणारी मोटरसायकलच म्हणा. परदेशात ती घेऊन लोक डोंगरातल्या खोल बर्फात जातात. त्यांची सॅक छोटी आणि अंगाला घट्ट बसणारी असते, कारण चालवणाऱ्याला उभं राहून सारखा तोल सांभाळावा लागतो. सॅकमध्ये बर्फ उकरायचं फावडं आणि बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी असते. काही सॅकमध्ये हवेची पिशवीही असते. हिमकडा कोसळला की दोरी ओढायची, पिशवी फुगते आणि माणूस बर्फाच्या वरच्या थरात राहायला मदत होते. पण गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र मात्र सॅकमध्ये ठेवत नाहीत, ते अंगावरच बांधतात. कारण सॅक वाहून जाऊ शकते. म्हणजे काय न्यायचं एवढंच नाही, तर कोणती वस्तू कुठे ठेवायची हेही ठरवावं लागतं.

सोमवारी शाळेत गेले. चौथीला वजनाचा पाठ चालू होता. म्हटलं, आज दप्तरं मोजू. नियम असा आहे की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी 1.7 ते 2.5 किलो ही मर्यादा दिली आहे. किराणा दुकानातून काटा आणला. मुलांना मजा वाटली.

एका मुलीचं दप्तर भरलं 4 किलो 100 ग्रॅम. तिचं स्वतःचं वजन 22 किलो. म्हणजे दप्तर हवं होतं 2 किलो 200 ग्रॅमपर्यंत. मागच्याच आठवड्यात मी तिला रागावले होते, "दगड भरलेत का गं दप्तरात?" सगळा वर्ग हसला होता. ती नव्हती हसली.

आता दप्तर उघडलं. सगळी पुस्तकं, गेल्या वर्षीच्या वह्या, एक स्टीलची ताटली, गिलास, धाकट्या भावाचा स्वेटर आणि दोन सदरे.

मी हळूच विचारलं, "हे रोज कशाला आणतेस?"

"भरूनच ठेवलंय बाई. ट्रॅक्टर कवाबी येतो. मंग टाइम भेटत न्हाई."

मित्रांनो, आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हे समजावून सांगायला नको. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते, कोयते निघतात आणि गावं रिकामी होतात. सहा-सहा महिने उसाच्या फडात, कोपीत संसार. मी माझ्या हौसेच्या सॅकमध्ये काय भरू याचा विचार करत होते. ती नऊ वर्षांची पोर तिचं घर दप्तरात भरून रोज शाळेत आणत होती आणि मी तिला दगड म्हणाले होते.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, लेकीला गावातच ठेवा म्हटलं. तिचे वडील शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही दोघं फडात असल्यावर बारक्याला कोण बघंल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग जे हातात होतं ते केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून तिचं दप्तर भरलं. ताटली, गिलास आणि कपडे आईच्या पेटीत जातील असं ठरलं. जुन्या वह्या शाळेच्या कपाटात ठेवल्या. मराठी आणि गणिताचं पुस्तक, दोन कोऱ्या वह्या, पेन्सिली एवढंच ठेवलं. पुस्तकं पाठीच्या बाजूला लावली. बंद लांब असल्यामुळे दप्तर कमरेखाली लोंबायचं, ते आखडून घेतले. शिक्षण हमी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या आईच्या हातात दिलं. म्हटलं, हे दप्तरात नाही, तुमच्याजवळ ठेवा. कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा, तिथे लेकीला बसू देतील.

चार दिवसांनी तिची जागा रिकामी होती.

कळसूबाईला मी गेले. मोठी सॅक घरीच ठेवली, भाचीची पंचवीस लिटरची नेली. शिड्या चढताना पाठ मोकळी होती, डोंगर डोळे भरून बघता आला. वर देवीच्या छोट्या मंदिरापाशी बसले तेव्हा मात्र त्या काट्यावरचा 4 किलो 100 ग्रॅमचा आकडाच आठवत राहिला.

उन्हाळ्यात ती परत येईल. कार्डावर तिकडच्या शाळेची नोंद असेल की नाही, ते तेव्हाच कळेल. तिच्या जुन्या वह्या कपाटात आहेत.

शिक्षक मित्रांनो, एखादं दप्तर जड दिसलं तर रागावण्याआधी एकदा उघडून बघा. आणि मुलांनो, आज रात्री तुमचं दप्तर पूर्ण रिकामं करा. एकेक वस्तू हातात घेऊन विचारा, उद्या ही लागणार आहे का? लागणार असेल तरच परत आत ठेवा.