श्वासाचे ऋण

निरोगी माणसाला श्वासाची आठवण नसते. तो येतो, जातो आणि आपण आपल्या उद्योगात असतो. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही शिकलो, की हिब्रू भाषेतील 'रुआह' आणि ग्रीक भाषेतील 'प्न्यूमा' या शब्दांत वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. आपल्या मराठीतील 'प्राण' हा शब्दही त्यांच्याच जवळचा. मातीच्या माणसात परमेश्वराने श्वास फुंकला, पुनरुत्थित प्रभूने शिष्यांवर फुंकर घातली, हे आम्ही पंचवीसहून अधिक वर्षे प्रवचनांतून सांगत आलो. परंतु २०२१ च्या एप्रिलमध्ये डोंबिवलीतील एका रुग्णालयाच्या खाटेवर पालथे पडून त्याचा जो अर्थ उमगला, तो ग्रंथांतून उमगला नव्हता.

डोंबिवली-कल्याण ही लोकलवर जगणारी वस्ती. २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी पाळली गेली आणि त्याच रात्रीपासून लोकल थांबली. १५ जूनपासून ती पुन्हा धावू लागली, ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. आमच्या धर्मग्रामातील कित्येक परिचारिका आधी एसटीने व मग त्या लोकलने मुंबईच्या रुग्णालयांत जात राहिल्या. घरी परतल्यावर मुलाबाळांना जवळ न घेता वेगळ्या खोलीत, खोली नसेल तर बाल्कनीत निजत. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, तेव्हा आता संकट टळले असे सर्वांनाच वाटले. पण २०२१ सालचा पुनरुत्थान रविवार ४ एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच रात्रीपासून चर्चची दारे पुन्हा बंद झाली. त्यानंतर आठवड्याभरात आम्हांला ताप भरला. पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना १ एप्रिलपासून लस खुली झाली होती, पण आमची पाळी येण्यापूर्वीच आजार दारात उभा राहिला.

प्रथम वास गेला, मग चव गेली. त्या दिवसांत आम्ही बंद खोलीत एकट्यानेच मिस्सा अर्पण करीत होतो. द्राक्षारस ओठांना लागला, पण तो पाणी आहे की आणखी काही, हे जिभेला कळेना. ख्रिस्तप्रसादात भाकरीचा रंग, रूप, चव तशीच राहते व तिचे सत्त्व मात्र पालटते, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आमच्यापुरती त्या वेळी चवही उरली नव्हती. उरली होती ती केवळ श्रद्धा. ती पुरेशी होती, एवढेच नम्रपणे सांगतो.

पाचव्या दिवशी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८८ हा आकडा दिसला. ९४ च्या खाली गेल्यास दवाखाना गाठावा, हे तोवर घराघरांत पाठ झाले होते. या आजाराची गंमत म्हणावी की क्रौर्य, रक्तातील प्राणवायू घटत असतो आणि माणसाला फारशी धाप जाणवतही नाही. धर्मग्रामातील एका तरुणाने रात्रभर फोन करून खाट मिळवली. नाकाला प्राणवायूची नळी, दंडात सुई, आणि डॉक्टरांची आज्ञा : पालथे झोपा. पालथे झोपल्याने फुफ्फुसांचा पाठीकडचा भाग मोकळा होतो व तेथवर हवा पोहोचते.

तेथे आम्ही फादर नव्हतो, तर एका खाटेचा क्रमांक होतो. ज्या हातांनी शेकडो रुग्णांना पवित्र तेल लावले, त्या हातांना पाण्याचा पेला उचलवेना. एका दुपारी वॉर्डातील मावशी, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुरफटलेल्या, ओल्या फडक्याने आमचे अंग पुसू लागल्या. त्या पायांपाशी आल्या तेव्हा आम्ही म्हणालो, "मावशी, पाय राहू द्या." त्या म्हणाल्या, "राहू द्या कसे? तुमची आई असती तर पुसले नसते का?" २०२० च्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी वगळावा, असा रोमहून आदेश आला होता. तो विधी आमच्या वाट्याला असा आला. प्रभूने आपले पाय धुवावेत हे पेत्राला का जड गेले, ते त्या दुपारी कळले. सेवा करणे सोपे असते, करून घेणे अवघड.

शेजारच्या खाटेवर टिटवाळ्याचे एक रिक्षाचालक होते. आम्ही कोण हे कळल्यावर ते म्हणाले, "फादर, तुमच्या देवापाशी माझ्याही पोरींचं नाव घ्या." आम्ही मुलींची नावे विचारून घेतली आणि रोज घेत राहिलो. चौथ्या रात्री त्यांना अतिदक्षता विभागात नेले. सकाळी त्या खाटेवर नवी चादर होती.

सतरा दिवसांनी आम्ही परतलो. जिना चढताना तीनदा थांबावे लागे, आणि मिस्सातील अवतरणिका एका दमात गाता येण्यास चार महिने गेले. दाराशी रोज कुणी ना कुणी डबा ठेवून जाई. भेटेल तो म्हणे, "फादर, आमच्या रोझरीने तुम्ही वाचलात." त्या प्रेमाने डोळे भरून येत. पण एके दिवशी एक भगिनी आल्या. त्यांचे यजमान त्याच महिन्यात गेले होते. अंत्यविधीला चारच माणसे होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, माझ्या माणसासाठी आम्ही काय कमी प्रार्थना केली होती?"

प्रिय वाचकहो, या प्रश्नापुढे आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मग म्हणालो, "नाही, बाई. तुमची प्रार्थना कमी नव्हती आणि आमची पुण्याई अधिक नव्हती." शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, हे प्रभूने स्वतः स्पष्ट केले आहे. प्रार्थना म्हणजे वाचलेल्यांना मिळालेली पावती नव्हे. जो वाचला त्याच्याजवळ प्रभू होता, तसाच तो प्राण सोडणाऱ्याजवळही होता, कारण क्रुसावर त्याने स्वतः प्राण सोडला आहे. त्या भगिनींचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. जाताना त्यांनी यजमानांच्या नावे मिस्सा मात्र सांगितली.

म्हणून आजारातून उठलेल्यांना आमचे एकच सांगणे आहे. देवाचे आभार अवश्य माना, पण ते असे माना की शेजारच्या विधवेला ते ऐकवतील. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तरी ज्यांच्या घरची खुर्ची रिकामी झाली, त्यांची आणीबाणी संपलेली नाही. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी आमच्या वेदीवरून त्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावे वाचली जातात. त्यांत टिटवाळ्याच्या त्या बांधवांचेही नाव असते. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे असतील. प्राण आहे तोवर त्या घरांची पायरी चढा.