डम्पमधला माग

मेनफ्रेमच्या सिस्टिम कोडमधली चूक जिथे घडते तिथे सहसा दिसत नाही. मेनफ्रेमच्या झेड/ओएस ऑपरेटिंग सिस्टिममध्ये स्टोरेजच्या प्रत्येक 4 केबी चौकटीला चार बिटांची प्रोटेक्शन की असते. प्रोग्रॅमची की तिच्याशी जुळली नाही तर सामान्य प्रोग्रॅमला तिथे लिहिता येत नाही. एस-झिरो-सी-फोर ॲबेंड (प्रोग्रॅमचा अकाली शेवट) येऊन तो जागीच पडतो. गाभ्यातला कोड मात्र बहुधा की शून्यवर चालतो आणि की शून्यला ही आडकाठी नाही. चुकीच्या पत्त्यावर लिहून तो बिनबोभाट पुढे निघून जातो, आणि बऱ्याच वेळाने भलताच प्रोग्रॅम कोसळतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हाती उरतो डम्प, म्हणजे मेमरीची जशीच्या तशी नक्कल: डावीकडे पत्ते, मध्ये हेक्साडेसिमल, उजवीकडे मेनफ्रेमच्या एबसिडिक संकेतातली अक्षरे. वाचन सुरू होते पीएसडब्ल्यूपासून, म्हणजे प्रोग्रॅम कुठवर आला होता ते सांगणाऱ्या स्टेटस वर्डपासून. त्यातला पत्ता बहुधा पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो, म्हणून दोन, चार किंवा सहा बाइट मागे पाहावे लागते. (आयबीएम 360 च्या मॉडेल 91 वर तेवढाही भरवसा नव्हता. ते यंत्र इन्स्ट्रक्शन क्रम सोडून पार पाडी, त्यामुळे काही इंटरप्ट नेमके कोणत्या इन्स्ट्रक्शनमुळे आले हे त्यालाच सांगता येत नसे.) मग रजिस्टर: 14 मध्ये परतीचा पत्ता, 15 मध्ये एंट्री पॉइंट, 13 मध्ये 72 बाइटांच्या सेव्ह एरियाचा पत्ता. त्या साखळीने मागे गेले की कोणी कोणाला बोलावले ते उलगडते. पण ही नुसती शिस्त आहे, हार्डवेअरची सक्ती नाही. गाभ्यातला कोड ती सर्रास मोडतो. शिवाय डम्प घेतला जाईपर्यंत रिकव्हरी रूटीन चालून गेलेले असते. चूक पकडली गेली त्या क्षणाची रजिस्टरे एसडीडब्ल्यूएमध्ये, म्हणजे रिकव्हरीसाठी सिस्टिमने भरलेल्या नोंदीत, शोधावीत. नवखे इथेच फसतात.

ओव्हरले असेल, म्हणजे कोणी दुसऱ्याच्या जागेवर लिहून गेले असेल, तर काय बिघडले यापेक्षा तिथे आता काय लिहिले आहे ते पाहणे फायद्याचे. उजव्या रकान्यात एखाद्या कंट्रोल ब्लॉकची चार अक्षरी खूण किंवा ओळखीचे डेटासेट नाव दिसले, की लिहिणाऱ्याचा माग लागतो. नाही लागला, तर पीईआर या हार्डवेअरच्या पाळत-सोयीच्या मदतीने झेड/ओएसच्या स्लिप कमांडचा ट्रॅप लावायचा: ठरावीक पत्त्यांवर कोणी लिहिताच डम्प निघतो. असा पीईआर ट्रॅप एका वेळी एकच चालू ठेवता येतो, त्यामुळे पत्त्यांची निवड विचाराने करावी लागते.

गाभ्यातल्या कोडच्या हाती लॉक असताना एसव्हीसी (ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणारी इन्स्ट्रक्शन) देता येत नाही, म्हणून नेहमीच्या वाटेने मध्येच संदेश छापून पाहता येत नाही. दोन प्रोसेसरांच्या शर्यतीतून आलेली चूक तर ट्रॅपने वेळ किंचित सरकताच गायब होते. तेव्हा लिस्टिंग उघडून लॉक कुठे घेतला, कोणत्या वाटेने सुटला नाही, हे ओळीगणिक वाचावे लागते.