वाफसा आणि रविवार

धुऱ्यावरचे दोस्त मले नेहमी विचारतात, "काहो भाऊ, तुमच्यात रविवारी तिफन धरत नाही म्हणतात, खरं हाय काय?" आमचं घर कॅथलिक. म्हणून आज बियाणं-खत बाजूला ठेवून यावर लिहितो.

आपली काळी जमीन. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं कृषी विद्यापीठवाले सांगतात, अन् त्यानंतरचा वाफसा एखाद-दोन दिवसांचा पाहुणा. तो नेमका रविवारी सकाळी येतो.

रविवार पाळणं ही आमच्यात दहा आज्ञांपैकी तिसरी. त्यात घरधन्यासोबत गड्याले आणि बैलालेही विसावा सांगितला आहे, आपल्या पोळ्यासारखाच, फक्त दर आठवड्याला. बायबलात निर्गमच्या 34व्या अध्यायात तर नांगरणी अन् कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यायला सांगितलं आहे. शेतकरी कुठं पळवाट काढंल हे सांगणाऱ्याला पक्कं माहीत होतं!

पण बैल विहिरीत पडला तर विसाव्याच्या दिवशीही काढालच ना, असं येशूनंच विचारलं. म्हणून चर्चचा नियम आंधळा नाही. मिस्सा चुकवायची नाही, भक्तीच्या आड येईल ते काम करायचं नाही. खरी गरज असली तर सूट आहे, आणि शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते.

अवघड काम सूट मिळाल्यावरच सुरू होते. गरज कोणती अन् हाव कोणती? सोयाबीनची गंजी उघडी आहे आणि आभाळ भरून आलं, तर मी रविवारी ताडपत्री घेऊन पळतो, मनाले काही टोचत नाही. शनिवारी होणारी फवारणी रविवारवर ढकलली, तर तो विहिरीतला बैल नव्हे.

दोन वर्षांमागं जूनमध्ये एका रविवारी सकाळी ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. सात ते अकरा मोकळा, मंग बुधवारपर्यंत नाही. मिस्सा आठची. शनिवारचा अख्खा दिवस बियाण्याच्या लाईनीत गेलेला. पोरगा म्हणे, "बाबा, प्रार्थना तं वावरातही होते." खोटं नव्हता बोलत. तरी मी मिस्सेले गेलो. सोमवारी पाऊस आला, पेरणी शनिवारी झाली. शेजाऱ्याचं पीक सहा दिवस पुढं. देवानं माझ्या वावरावर काही वेगळा पाऊस पाडला नाही.

शेतकऱ्यांचे संत आहेत संत इसिडोर, स्पेनमधल्या माद्रिदचे, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. 1622 साली त्यांना संत जाहीर केलं, त्याच दिवशी गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरलाही. सण 15 मेला, आपल्याकडं वखराच्या पाळ्या चालू असतात तेव्हा. ते आधी मिस्सा अन् मंग नांगर करत, म्हणून सोबतच्यांनी मालकाकडं चुगली केली. मालक पाहाले आला तर देवदूत नांगर हाकत होते, असं सांगतात. माझ्याकडं कोणी आलं नाही. मिस्सेत बसून माझं अर्धं लक्ष खिडकीतल्या ढगावर होतं, हेही लिहून ठेवतो. पाय आज्ञा पाळतात, मन मागून येते, कधी येतही नाही.

पोराले हे अजून पटलेलं नाही. त्याले एवढंच म्हटलं, वावर तुझ्या हाती आलं की तुझं तू ठरव. पण सालदाराची रविवारची सुटी पगारासकट ठेवायची, तो कोणत्याही धर्माचा असो. आज्ञेत गड्याचंही नाव आहे.