गिरणी

'गिरणी' म्हटलं की आम्हा भिवंडीकरांना कापड आठवतं. उमेश विनायक कुलकर्णींची 'गिरणी' मात्र पिठाची. 'वळू' (२००८), 'विहीर', 'देऊळ' (२०११) हे सगळं नंतरचं. त्याआधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना त्यांनी हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला त्यांच्या कामात आजही हाच सगळ्यात जवळचा वाटतो.

गोष्ट एवढीशीच. घर चालावं म्हणून आई घरातच गिरणी आणते आणि तिची घरघर लहान मुलाच्या डोक्यात शिरते. नवशिक्या दिग्दर्शकाने अशा वेळी आईला कठोर करून मोकळं व्हावं, सोपं असतं ते. इथे तसं होत नाही. पोट भरणारा आणि छळणारा आवाज एकच, आणि दोष द्यायचा तर कोणाला?

आम्ही राहनाळचे, मामा भिवंडीत. त्याच्या घराच्या भिंतीपलीकडे माग चालायचे, रात्रभर खटखट. मी कानावर उशी घेऊन झोपायचो. मामीला विचारलं तर म्हणायची, "अरे, आवाज थांबला की माझी झोप उडते." वीज गेली की माग बंद, आणि मामाची त्या पाळीची मजुरीही बंद. तिचं खरंच होतं.

मामाला आता कमी ऐकू येतं. दिवाळीत आला तेव्हा त्याला 'गिरणी' लावून दिला. पडद्यावर यंत्र सुरू झालं तसा तो पुढे सरकला नि म्हणाला, "आवाज वाढव जरा."